६५ गुण म्हणजे नुसता उंबरठा

बरेच जण म्हणतात की ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसासाठी (कुशल लोकांनी तिथल्या ‘प्रादेशिक’ भागात राहून काम करायचा तात्पुरता व्हिसा) वय, इंग्रजी, अनुभव वगैरेंचे मिळून ६५ गुण भरले की काम झालं. तसं नाही हो. ६५ वर फक्त आमंत्रणाच्या रांगेत उभं राहता येतं, आणि राज्याच्या नामांकनाचे (तिथल्या एखाद्या राज्याने तुमचं नाव सुचवण्याचे) १५ गुण त्यातच धरलेले असतात.

आयटीवाल्यांची खरी गोची होते ती कौशल्य मूल्यमापनात. ते करणारी संस्था, ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, सुरुवातीचा अनुभव धरतच नाही. पदवी जुळती असली तरी साधारण दोन वर्षं वजा. म्हणजे नऊ वर्षं घासलेल्या माणसाची सातच उरतात, आणि १५ ऐवजी १० गुण पडतात. एजंट हे पैसे भरून झाल्यावर सांगतात!

वयाची ३३ पूर्ण झाली की वयाचे गुण ३० चे २५ होतात. वय ४५ च्या आत असणं मोजतात ते अर्जाचं आमंत्रण येतं त्या दिवशी. आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात ६ म्हणजे पात्र, पण गुण शून्य. ७ ला १० आणि ८ ला २०. अनुभव वाढवायला वर्षं लागतात, त्यामानाने हे स्वस्त. आधी इंग्रजीच्या मागे लागा.

आणि ‘प्रादेशिक’ म्हणजे खेडं नव्हे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून. पर्थ, अॅडलेड चालतात.