‘केअरर’ला मराठीत काय म्हणायचं?

खडीसाखर:
आमच्या पालकगटाचं चार पानी पत्रक निघतंय. गटात सगळ्यांची मुलं सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगत्व असलेली. ज्या इंग्रजी मजकुरावरून लिहितेय त्यात ‘पेरेंट केअरर’ (अशा मुलाचं सगळं बघणारे आईबाप) ओळीओळीला येतं आणि तिथेच गाडी अडते. नुसतं ‘पालक’ लिहिलं तर शेजारच्या बंड्याचे आईबाबाही पालकच. ‘काळजीवाहू’ म्हटलं की राजीनामा दिलेलं सरकार आठवतं, ‘देखभालकर्ता’ म्हटलं की लिफ्टवाला. ‘रेस्पाइट’ आणि ‘आयसोलेशन’ यांनाही शब्द हवेत. ‘विलगीकरण’ नको, कोविडात पुरेसं ऐकलं.

उंबरझाड:
शुश्रूषा? ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्याचं हे इच्छादर्शक रूप. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायला बसलेला शिष्य त्याची सेवाही करतो, म्हणून सेवा हा अर्थ आला, आणि पुढे आजाऱ्याची सेवा. (‘सुश्रुषा’ लिहू नका, हात जोडतो.)

खडीसाखर:
व्युत्पत्ती आवडली. पण आमची मुलं आजारी नाहीत हो. हेच तर सांगून सांगून घसा बसलाय.

ताकभात:
‘पालक’ शब्दाची आणखी एक गंमत. मराठीत आईवडीलही पालक आणि कायद्यातला गार्डियनही पालक. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली येणारं, म्हणजे तुमच्या गटातल्यासारखं, मूल १८ वर्षांचं झालं की त्याचं कायदेशीर पालकत्व मिळवायला आईबापांनाच स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. माझ्या भावाने केला. अर्ज भरताना म्हणाला, “अठरा वर्षं मग मी कोण होतो?”
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केअरगिव्हरच्या व्याख्येत मोबदला घेऊन किंवा न घेता आधार देणारी कुणीही व्यक्ती येते, आईवडील धरून. म्हणजे कायद्याला तुम्ही दिसता. शब्दच नाही.

दूरगाव:
मी इंग्लंडमध्ये राहते. इथे ‘पेरेंट केअरर’ हा कायद्यातलाच शब्द आहे, २०१४ च्या चिल्ड्रेन अँड फॅमिलीज कायद्याने आणलेला. मुलाच्या गरजा वेगळ्या, पण आईबापांना स्वतःला काय मदत हवी याचीही पाहणी कौन्सिलकडे (इथली नगरपालिका म्हणा) मागता येते. बहुतेक भागांत पेरेंट केअरर फोरम असतात. सेवा कशा असाव्यात हे ठरताना त्यांचे लोक टेबलापाशी असतात. त्याला ‘को-प्रॉडक्शन’ म्हणतात. आता याला काय म्हणाल?

उंबरझाड:
‘मिळून ठरवणं’ एका शब्दात बसवायला गेलात तर ‘संगनमत’, आणि मग पोलीस येतील.

खडीसाखर:
😄 ‘सहभाग’ मात्र नको. सहभागाचं प्रमाणपत्र हरलेल्याला मिळतं. ‘पालकसभा’ही नको, तिथे पालक बसून ऐकतात आणि सही करून घरी येतात. (उंबरझाड, तुमची शुश्रूषा एकतर्फीच झाली म्हणायची.)
मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. दिल्लीत १९९१ मध्ये ॲक्शन फॉर ऑटिझम काढणाऱ्या मेरी बरुआ याही ऑटिझम असलेल्या मुलाच्या आई. या दोघींनी कुणाच्या सेवेत ‘सहभाग’ घेतला नाही, सेवाच उभी केली. मी सरळ ‘पालकांनी मिळून ठरवलेलं’ असं लिहिणार आहे. लांब झालं तर झालं.

‘आयसोलेशन’चं मला आता सुचतंय. ‘वाळीत टाकणे’ फार उघड, आमच्याशी इतकं उघड कुणी वागत नाही. “तुम्हाला कशाला एवढा त्रास, गर्दी असणार,” असं प्रेमाने सांगतात आणि बारशाचं आमंत्रण येत नाही. दुसऱ्या वर्षी हळदीकुंकवाचंही नाही. गटातली एक मैत्रीण म्हणाली, आम्ही एकटे पडलो. दुसरी ताडकन म्हणाली, पडलो नाही, पाडलं. एका कान्याचा फरक, पण ‘पडलो’ म्हटलं की दोष ना कुणाचा, आणि ‘पाडलं’ म्हटलं की कुणीतरी विचारतं, कुणी? इंग्रजीत ही सोय आहे का माहीत नाही, आपल्याकडे आहे तर वापरायला हवी. मथळा तोच: ‘एकटे पडलो की पाडलं?’

ताकभात:
मथळा ठेवाच. आणि मूळ शब्दाबद्दल: आमची आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा लोक विचारायचे, “त्यांचं कोण करतं?” काय करतं, ते कुणी सांगत नाही, विचारतही नाही. न्हाणं, भरवणं, कूस बदलणं, औषधं, रात्रीचं जागणं, सगळं त्या ‘करतं’मध्ये. “सासूचं शेवटपर्यंत केलं.” “तिला करणारं कुणी नाही.” केअररला शब्द शोधताय, तो घरात आहे: करणारा, करणारी. माझ्या भावाचं एकच वाक्य असतं, “आमच्यानंतर याचं कोण करणार?” तिथे ‘काळजीवाहक’ घालून बघा.

दूरगाव:
हे वाचून गप्प झाले.

उंबरझाड:
प्रयोग अस्सल. पण ‘करणारे पालक’ एवढंच छापलं तर अर्धवट वाटेल, षष्ठी हवी. ‘मुलांचं करणारे आईबाप’.

खडीसाखर:
घेतलं! एकदा पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात येऊ दे, मग पुढे नुसतं ‘आम्ही’.
राहता राहिला ‘रेस्पाइट’. मूल काही तास दुसऱ्याच्या हाती सोपवून आई झोपली तरी चालेल, अशी सोय. मी ‘विसावा’ लिहिलं होतं.

उंबरझाड:
पालखीचा विसावा छानच. पण अंत्ययात्रेत तिरडी जिथे खाली ठेवतात त्यालाही विसावाच म्हणतात. गावाकडच्या वाचकाला तेच आधी आठवेल. शिवाय निम्म्या वृद्धाश्रमांचं नाव तेच असेल. ‘उसंत’ घ्या.

खडीसाखर:
उसंत. “आज उसंत मिळाली” असं आम्ही बोलतोही. मंगळवारी छापायला जातंय. पहिला उ ऱ्हस्व ना?

उंबरझाड:
ऱ्हस्व.