वाडा परिवार ग्रुप : महाराजांचं भजन यादीतून काहून काढलं?

बापूकाका: सकाळी सकाळी लिहावं लागत आहे, पण राहवत नाही. परवाच्या कार्यक्रमाची यादी पाहिली. झेंडा, पोरांची भाषणं, स्पीकरवर ‘ऐ मेरे वतन के लोगों’, नाश्ता. तुकडोजी महाराजांचं 42 सालच्या ‘चले जाव’ चळवळीतलं भजन कुठं गेलं? बाबांनी एक वर्ष खंड पडू दिला नाही. ते गेले त्या वर्षीसुद्धा आपण ओसरीत बसून हळू आवाजात म्हटलं. यादी कोणी केली?

शीलावहिनी: मी केली काकाजी. गजूभाऊजींनी सांगितली तशी लिहिली. 16 ला फवारणीला माणसं सांगून ठेवले आहेत म्हणून 15 लाच सगळं उरकू म्हणाले. आणि ज्यांनी मंडळाच्या सतरंज्या लग्नासाठी नेल्या त्यांनी आणून द्याव्या. चार होत्या, दोनच आहेत.

गजू: मायावर काहून आणता वहिनी. पोरं बसत नाई भजनाले. मागच्या साली मी, काका, पाटीलबुवा अन् दारातलं कुत्रं. गाणं पिंटूनं सुचवलं.

पिंटू (पुणे): काका, नमस्कार. भजन काढा असं मी म्हटलं नव्हतं. एवढंच म्हटलं की हे गाणं सर्वांना येतं. लाल किल्ल्यावर लताबाईंनी गायलं तेव्हा नेहरूंच्या डोळ्यात पाणी आलं, ते ऐकून मुलं तरी थांबतील.

बापूकाका: लाल किल्ला नाही पिंटू. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, 27 जानेवारी 1963. चीनचं युद्ध थांबून दोन महिनेच झाले होते. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या मराठी चितळकरांची. त्या गाण्याबद्दल मला आदरच आहे. ते लागलं की मी आजही हातातलं काम ठेवतो. पण एकाच्या जागी दुसरं कशाला?

मनोहरदादा: काका बरोबर बोलून राह्यले. पण गजूले घाई आहे फवारणीची. धुऱ्यावरचा निंब तोडून झाला, आता भजनबी तोडा.

गजू: दादा निंब माया हद्दीत होता. मोजणीचा कागद टाकू का ग्रुपवर?

मनोहरदादा: टाक ना. धुरा दरवर्षी इतभर माया इकडे सरकते तेबी कागदावर दिसू दे.

बापूकाका: हा विषय इथं नको. दोघंही संध्याकाळी ओसरीत या.

शीलावहिनी: येताना सतरंज्या घेऊन या.

मोठी आत्या (आर्वी): सूनबाईकडून लिहून घेऊन राह्यली बाप्पा, मले टाईप होत नाई. 16 ऑगस्टले नागपंचमी होती त्या साली. आष्टीले ठाण्यावर गोळीबार झाला, तिकडे चिमूरलेबी त्याच दिवशी. माय सांगे का पंचमीचे कानोले टोपल्यात तसेच राह्यले, कोणी तोंडाले लावले नाई. रातच्याला बाबा घरी आले ते मागच्या दारानं. अंगणात दिवा न लावता भजन म्हटलं. खंजिरी नाई वाजवली, मांडीवर बोटानं ठेका धरला. म्हणून आपल्या घरी 16 ले म्हणतात. 15 ले नाई. गजू तुले हे माईत आहे.

गजू: माईत आहे आत्या. चुकलं.

सोनल: आत्याआजी, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला शाळेत ‘राष्ट्रसंत’ म्हणून फक्त ग्रामगीता सांगितली. भजनाचे शब्द कुणी टाकेल का?

गजू: पत्थर सारे बम बनेंगे, भक्त बनेगी सेना. इथून सुरू होते.

मोठी आत्या (आर्वी): आधी झाड. झाड झडूले शस्त्र बनेंगे. मंग पत्थर. हातात काठी पहिले येते, गोटा मंग.

मनोहरदादा: पत्थराची चिंता नको, गजूनं धुऱ्यावरचे काढून काढून माया वावरात ढीग लावला. एका दिवसात सेना तयार 😄

गजू: 🙏 घ्या दादा. तुमीच सेनापती.

शीलावहिनी: चार होत्या. दोनच आहेत. एक निळ्या काठाची.

सोनल: काका, ‘वतन’ रेडिओ, टीव्ही, सगळीकडे लागतं म्हणून टिकलं, हे समजतं. हे भजन कसं टिकलं?

बापूकाका: सोनल, तू विचारलंस, बरं वाटलं. लांब होईल, वाच.

1942 म्हणजे महायुद्धाची ऐन धामधूम. जपाननं ब्रह्मदेश घेतला होता, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले होते. गावात पेपर येत नसला तरी बाजारात बातमी यायची. ‘बम’ हा शब्द तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होता. महाराजांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या वावरातल्या गोट्याला लावला. ज्याच्याजवळ बंदूक नाही, त्याच्याजवळ झाड आहे, दगड आहे, भजनाला बसलेली शेजारची चार माणसं आहेत. माझ्या मते या भजनाची सगळी ताकद इथं आहे. गरिबाला त्यात आपल्या घरातली वस्तू दिसते.

दुसरं म्हणजे या ओळींत इंग्रजांचं नावच नाही. ‘आते हैं नाथ हमारे’, म्हणजे देव येत आहेत, एवढंच. शिपायानं ऐकलं तरी देवाचं भजन. अर्थ मात्र समोर बसलेल्या माणसाला लगेच कळत होता. सरकारलाही कळला. त्याच ऑगस्टात महाराजांना चंद्रपूरला पकडलं, नागपूर आणि रायपूरच्या जेलात ठेवलं.

तिसरं, हे गाणं एकट्यानं म्हणायचंच नाही. पुढचा एक ओळ टाकतो, मागचे उचलतात. ज्याला शब्द येत नाहीत त्यालाही दुसऱ्या फेरीत येतात. रेकॉर्ड लागत नाही, वीज लागत नाही. खंजिरी असली की झालं. ‘वतन’ ऐकताना माणूस गप्प होतो, रडतो, आणि ते बरोबरच आहे, कारण ते गेलेल्या जवानांसाठीचं गाणं आहे. भजन ऐकताना गप्प बसता येत नाही. ते माणसं उठण्याआधीचं आहे.

पिंटू (पुणे): काका, हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं. प्रदीपजींचंही असंच आहे ना? 1943 च्या ‘किस्मत’मध्ये ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ लिहिताना ‘जर्मन हो या जापानी’ घातलं, म्हणून सेन्सॉरनं सोडलं. थेटरातल्या लोकांना मात्र दूर कुणाला हटवायचं आहे ते कळत होतं.

बापूकाका: अगदी तेच. एकानं जपानी पुढे केला, एकानं देव.

मनोहरदादा: महाराज 62 च्या अन् 65 च्या लढाईतबी सीमेवर गेले होते. जवानांसमोर भजनं म्हटले. म्हणजे पिंटूचं अन् काकाचं भांडण मिटलं, दोघंबी चीनच्या लढाईत एका बाजूनं 🙏

पिंटू (पुणे): भांडण नव्हतंच दादा. मला फक्त वाईट वाटलं की दरवेळी ‘पुण्याची पोरं’ म्हणून बोललं जातं. नाश्त्याचे पैसे मीच पाठवले आहेत.

शीलावहिनी: पैसे मिळाले भाऊजी. सतरंज्या नाही मिळाल्या.

बापूकाका: पिंटू, तुला तसं वाटलं असेल तर माझं चुकलं. मी यादीवर रागावलो होतो. चिमूरच्या बायांवर जे अत्याचार झाले त्याची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपवास केला. आपल्याकडून एक संध्याकाळ जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

गजू: काका ठरलं. 15 ले झेंडा अन् पिंटूचं गाणं. 16 ले संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाल्यावर भजन. फवारणी दुपारपर्यंत उरकतो, पंप दादाचा पायजे एक.

मनोहरदादा: घेऊन जा. नोझल बदलून घेजो, गळते.

सोनल: मी आज बसने येते. पुढची ओळ मी म्हणू का? मागून तुम्ही सगळे उचला. खंजिरी कोण वाजवणार?

बापूकाका: तूच म्हण. खंजिरी मी वाजवतो. माळ्यावरून काढली आताच. बाबांची जुनी, आठ झांजांतली एक तुटलेली आहे, तिथं त्यांनी तारेनं पैसा बांधला होता, तो अजून आहे. पण पावसानं कातडं पार सैल पडलं. थाप मारली तर सुपावर मारल्यासारखा आवाज येतो. चुलीपासून हातभर लांब ठेवायला सांगितली आहे, जवळ नको, तडकेल.

मोठी आत्या (आर्वी): बोटाले आधी राख लाव रे बापू. बाबा लावत.

बापूकाका: हो बाई, लावतो.

मनोहरदादा: वहिनी, निळ्या काठाची सतरंजी आमच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली निघाली. धुऊन वाळत घातली. ऊन पडलं तर उद्या आणतो.

शीलावहिनी: तीन झाल्या. चौथी कोणाकडे आहे?