खुनाचं नाटक, १९४७ चा वाडा: पूर्ण सेट हवाच का?

नेपथ्य_परभणी
तालुक्याचे संघ जुन्या वाड्यातलं रहस्यनाटक घेतात आणि काळा पडदा, चार खुर्च्या, दोन उभ्या चौकटींवर भागवतात. मला हे पटत नाही. कोण कुठल्या दारानं गेलं, दार आतून लावलेलं होतं का, यावरच इथं सगळी उकल उभी असते. माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्याची भिंत दोन-अडीच हात रुंद. फ्लॅटला, म्हणजे लाकडी पट्ट्यांवर कापड ताणलेल्या खोट्या भिंतीला, नुसती चौकट ठोकली तर ते खोक्याचं दार वाटतं. चौकटीला मागून नऊ ते बारा इंच प्लाय लावून भिंतीची जाडी दाखवा, देवळीला (भिंतीतल्या कोनाड्याला) तशीच. फ्लॅट ८ बाय ४ फूट, दोन बाय एक इंचाची पट्टी, वर मांजरपाट. दाराच्या फ्लॅटला दोन्हीकडून तिरका टेकू आणि टेकूच्या पायावर वीसेक किलोचं वाळूचं पोतं हवंच. नाहीतर दार आपटलं की देवळीतल्या समईसकट भिंत डुलते, लोक हसतात आणि खून वाया जातो. दार विंगेकडे (रंगमंचाच्या कडेच्या आडोशाकडे) उघडणारं ठेवा, म्हणजे आत येणारा नट फळीआड जात नाही.

प्रकाश_नांदेड
दादा, इथंच चुकताय. आतून अडसर लागणारं दार आतच उघडतं. बाहेर उघडणाऱ्या दाराला अडसर काय अडवणार? बंद खोलीतला खून असेल तर तुमच्या सेटनंच रहस्य फोडलं.

आणि एवढं सामान छोट्या टेम्पोत बसवून, गावोगाव दोन-तीन तासांत उभं कोण करणार? तो पैसा प्रकाश आणि आवाजाकडे वळवा. हजार वॉटचा हॅलोजन बंद केला तरी दिव्यातली तार क्षणभर लाल राहते, तेवढ्यात मारेकऱ्याचा हात दिसतो. अंधाराच्या आधीच्या मिनिटात तो हळूहळू तीस टक्क्यांवर आणा, किंवा त्या प्रवेशाला एलईडी वापरा. गोळीचा आवाज सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आला तर गोळी प्रेक्षकांच्या अंगावर सुटल्यासारखी वाटते. छोटा स्पीकर दारामागे ठेवा. कंदील हातात घेऊन नट चालला की वरचा प्रकाश त्याच्याबरोबर सरकायला हवा. मागे पडला तर कंदील खोटा ठरतो.

वेशभूषा_लातूर
सेटवर भांडताय, पण काळच चुकतोय. १५ ऑगस्ट १९४७ ला मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, सुटका १७ सप्टेंबर १९४८ ला. तपासाला फौजदार नको, अमीन (निजामाचा पोलीस अधिकारी) हवा. सरकारी कागद उर्दूत. राज्याचं चलन हाली सिक्का, इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. मयताच्या खिशात कलदार सापडले तर इंग्रजी मुलखातल्या सोलापूर-नगरकडचं कुणीतरी येऊन गेल्याचा संशय तिथंच पेरता येतो. फक्त नाणं शेवटच्या रांगेला दिसत नाही. ते पितळी तबकात खणकन टाकून अमीनाच्या तोंडून म्हणवून घ्या.

नेपथ्य_परभणी
अडसराचं मान्य, चूक माझी. मग ते दार बाजूच्या भिंतीतून काढून मागच्या भिंतीत मधोमध घ्या, दोन फळ्यांचं, आत उघडणारं. फळ्या दोन्ही अंगांना जातात, नट मधे मोकळा दिसतो. सेट टाका हे मात्र अजिबात मान्य नाही. टेम्पोत जागा नसेल तर बाजूच्या दोन्ही भिंती पडद्याच्या करा. मागची भिंत पूर्ण बांधा, टेकू आणि वाळूच्या पोत्यांसकट.

प्रकाश_नांदेड
एक भिंत चालेल. अडसर खऱ्या लाकडाचा घ्या, थर्माकोलचा नको. तो सरकल्याचा आवाज मी रेकॉर्डवरून देणार नाही.