फुग्याने आतडं रुंद करणं: थोडी भर

क्रोन्स म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा जुनाट आजार. त्यात 'आतडं अरुंद झालं की ऑपरेशनच' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. कोलोनोस्कोपीतून (गुदद्वारातून आत नेलेल्या कॅमेऱ्याच्या नळीतून) फुगा नेऊन ती जागा ताणता येते. फुगा टप्प्याटप्प्याने फुगवतात, साधारण १८ ते २० मिमीपर्यंत.

पण हे सगळ्यांना जमत नाही. अरुंद भाग ५ सेंमीपेक्षा लांब नको, फार वाकडातिकडा नको आणि शेजारी गळू किंवा फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे फुटलेली वाट) नको. म्हणून आधी सीटी किंवा एमआर एंटरोग्राफी (लहान आतड्याचं स्कॅन) करतात. आधीच्या ऑपरेशनच्या जोडावर आलेलं आखडलेपण फुग्याला बऱ्यापैकी दाद देतं. सूज जास्त असेल तर औषधांनी ती उतरवणं हा वेगळा भाग. जुनी, घट्ट झालेली जखमेची खूण औषधाने सुटत नाही, तिथे फुगा किंवा ऑपरेशन लागतं.

धोका विचाराल तर आतडं फाटणं किंवा रक्तस्राव, शंभरात दोन-चार जणांना. कमी वाटतो, पण सही करण्याआधी 'फाटलं तर सर्जन हाताशी आहेत का?' हे विचारायला लाजू नका. आणि एकदा केलं की सुटलो असंही नाही. अनेकांना वर्ष-दोन वर्षांत पुन्हा फुगवावं लागतं, काहींना शेवटी ऑपरेशन.

आपल्याकडे आणखी एक मेख: आतड्याचा टीबीही नेमका याच जागी, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, असंच आखडलेपण आणतो. त्यामुळे बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडची घाई करू नये, टीबी असेल तर त्याने तो बळावतो. आणि हो, अरुंद भागाची शंका असताना कॅप्सूल एंडोस्कोपी (गिळायच्या गोळीएवढ्या कॅमेऱ्याने तपासणी) नको, कॅप्सूल तिथेच अडकू शकते.