संरक्षित क्षेत्राच्या टक्केवारीवरून देशाच्या जैवविविधतेचे प्रतिनिधित्व कळते का?

पानगळ
मॉन्ट्रियल येथे २०२२ मध्ये ठरलेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यानुसार २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन आणि ३० टक्के सागर संरक्षणाखाली आणायचे आहेत. तेव्हापासून याविषयीच्या चर्चेत सगळा भर या आकड्यावर दिसतो. एखाद्या देशाने भूभागाचा मोठा हिस्सा राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांसाठी राखला, म्हणजे तिथल्या वनस्पती, प्राणी आणि परिसंस्था त्यात योग्य प्रमाणात आल्या, असे मानता येईल का? येत नसेल, तर ते तपासण्याची रीत कोणती?

नकाशेवाचक
मानता येणार नाही. टोकाचे उदाहरण म्हणून ईशान्य ग्रीनलंडचे राष्ट्रीय उद्यान घ्यावे. १९७४ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ९ लाख ७२ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे जमिनीवरचे जगातील सर्वांत मोठे आहे. परंतु त्याचा बहुतांश भाग बर्फाच्या थराखाली आहे. त्यामुळे टक्केवारी भरघोस दिसते, पण दक्षिणेकडच्या तुलनेने उबदार फियोर्डांतील (उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्यांतील) झाडोऱ्याचे काय, हे तिच्यावरून कळत नाही.

असे का होते, याचे उत्तर जोप्पा आणि फाफ या संशोधकांनी २००९ मध्ये १४७ देशांची माहिती तपासून दिले: संरक्षित क्षेत्रे उंचावर, तीव्र उतारांवर, रस्ते आणि शहरांपासून दूर अशा ठिकाणी अधिक आढळतात. थोडक्यात, शेतीला आणि वस्तीला जी जमीन सोयीची नव्हती, ती राखणे सोपे गेले. सुपीक सखल प्रदेश मागे राहिले, आणि समशीतोष्ण गवताळ प्रदेशांची गणना तर आजही सर्वांत कमी संरक्षण लाभलेल्या परिसंस्थांमध्ये होते.

तपासण्याची रीत तत्त्वतः सरळ आहे. १९८० च्या दशकात मायकल स्कॉट आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरील दुर्मीळ वनपक्ष्यांच्या वावराचे नकाशे राखीव क्षेत्रांच्या नकाशांवर ठेवून पाहिले, तेव्हा दोन्हींचा मेळ फारच थोड्या ठिकाणी बसला. १९८५ मध्ये तिथल्या मौना केआ या ज्वालामुखी पर्वताच्या वाऱ्याकडील उतारावर हाकालाउ वन आश्रयस्थान स्थापन झाले, त्यामागे हेच काम होते. खालच्या आखूड, सरळ चोचीने साल ठोकून वरच्या लांब, वाकड्या चोचीने अळी उकरणारा अकिआपोलाउ तिथे आजही आढळतो. पुढे या पद्धतीला ‘गॅप अ‍ॅनालिसिस’ हे नाव रूढ झाले.

काठावरचा
वरील प्रतिसाद योग्यच आहे, मात्र या पद्धतीच्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे. रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११,६३३ कणाधारी जातींचे क्षेत्र संरक्षित क्षेत्रांच्या नकाशांशी ताडून पाहिले, तेव्हा किमान १२ टक्के जाती कोणत्याही संरक्षित क्षेत्रात येत नव्हत्या. इथे ‘किमान’ या शब्दाकडे दुर्लक्ष होऊ नये, कारण जातीचे क्षेत्र उद्यानाच्या एखाद्या कोपऱ्याला स्पर्शून गेले, तरी ती नकाशावर ‘समाविष्ट’ ठरू शकते. तिथे तिची प्रजननक्षम संख्या आहे का, हे नकाशा सांगत नाही. उभयचरांची स्थिती विशेष नाजूक आहे, कारण कित्येक बेडकांचे सारे जग एखाद्या डोंगराच्या उतारापुरतेच असते.

पानगळ
दोघांचेही आभार. मग कीटक, बुरशी, शेवाळ यांचे काय? त्यांचे तर नकाशेच उपलब्ध नसणार.

नकाशेवाचक
बहुतेकांचे नाहीतच. म्हणूनच काही देश जातींऐवजी परिसंस्थांचे प्रकार मोजतात. ऑस्ट्रेलियाने भूभागाची विभागणी ८९ जैवप्रदेशांमध्ये केली असून, प्रत्येकातील परिसंस्थांचे नमुने संरक्षित जाळ्यात यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. अज्ञात जीवही आपापल्या परिसंस्थेबरोबर राखले जातील, असे त्यामागचे गृहीतक आहे. माझ्या मते ते बऱ्याच अंशी पटण्याजोगे आहे, मात्र अत्यंत मर्यादित क्षेत्रातल्या प्रदेशनिष्ठ जाती त्यातून निसटतात. तेव्हा दोन्ही मोजमापे लागतातच.

काठावरचा
आणखी एक भर घालतो, कारण हा मुद्दा हमखास राहून जातो. उद्यानाची हद्द अनेकदा नदीवरच संपते, त्यामुळे तिचा एकच काठ संरक्षित होतो. आणि नदी उद्यानाच्या मध्यातून वाहत असली, तरी वरच्या अंगाला धरण किंवा सांडपाणी असेल, तर माशांना त्या संरक्षणाचा फारसा उपयोग होत नाही. नकाशावर मात्र ते मासे ‘समाविष्ट’ दिसतात. गोड्या पाण्यातील जीवांसाठी म्हणूनच उद्यानाची हद्द बाजूला ठेवून संपूर्ण पाणलोट क्षेत्र हे एकक धरावे आणि ती तपासणी वेगळीच करावी.