घरच्या विमानाच्या इंजिनाले ऑइल फिटिंगवर टेफ्लॉन टेप: लावायची का नाही?

शेडवाला, हिंगणघाट:
मंडळी, शेडमधलं आमचं विमान आता इंजिनपाशी आलंय. जुन्या बीटल कारचं १६०० सीसी फोक्सवॅगन, जगभर हौशी लोक लहान विमानाला हेच लावतात. परवा स्टँडवर चालवलं तर तेल तापलं की प्रेशर पडे. पंप उघडला, चांगला निघाला. मग रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर जास्त झालं की उघडणारी झडप) खोलला तर पिस्टनच्या कडेला पांढरी पट्टी, बोटाच्या पेराएवढी, पार चपटी झालेली. टेफ्लॉन टेप. फिल्टरहून केसमध्ये (इंजिनाच्या मुख्य खोक्यात) परत येणाऱ्या पाइपच्या फिटिंगवर मीच गुंडाळली होती, तिचा तुकडा सुटून पिस्टन अर्धा उघडाच अडकत होता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, ऑइल लाइनला टेप नकोच. फिल्टरच्या पुढं सुटलेला तुकडा अडवायला काहीच नसते, सरळ बेअरिंग. ट्रॅक्टर बंद पडला तर धुऱ्यावर उभा राहते, हे वर असताना बंद पडलं तर उतरायला वावर शोधा लागते.

जुना फिटर, आर्वी:
पोरा, दोष टेपीचा नाही, हाताचा हाय. जिनिंगच्या हायड्रॉलिक प्रेसवर आयुष्य गेलं माह्यं, टेपच लावत आलो. पह्यले दोन आटे कोरे सोडाचे, टेप आट्याच्या दिशेनं ताणून दीड-दोन फेरे, आन एकडाव कसलं का मंग उलटं फिरवाचं नाही. तू एल्बो (वाकडं फिटिंग) जुळवाले मांगं फिरवला असशीन, तवाच टेप कापल्या जाते. आन तुमी लोकं टेपीच्या जागी आट्याले लावाची जे पेस्ट पेस्ट म्हनता, त्याच्यातबी टेफ्लॉनच असते ना!

शेडवाला, हिंगणघाट:
काका, बरोबर ओळखलं तुम्ही, एल्बो पाऊण फेरा मागं घेतला होता. पण एवढ्याशा चुकीत इंजिन जात असेल तर ती वस्तू तिथं काहून ठेवायची? पेस्टमध्ये टेफ्लॉनची भुकटी असते, पट्टी नाही. लॉकटाइट ५६७ सारखी पेस्ट हवा तुटली आणि दोन धातूंत दबली की मगच धरते, आत पिळून निघालेली ओलीच राहून तेलात मिसळते. आटे आधी पेट्रोलनं पुसून कोरडे करायचे, पुढचा एक आटा सोडून लावायची आणि २४ तास इंजिनाला हात लावायचा नाही. आणि टेप तापून जळते असं कोणी म्हणत असेल तर ते चूक, टेफ्लॉन ३२७ अंशाला वितळते, एवढं तेल कधीच तापत नाही. भीती तुकड्याची आहे.

लेथवाला, दारव्हा:
आधी हे सांगा, फिटिंग आणलं कुठून? आपल्याइकडं हार्डवेअरच्या दुकानात १/८ इंची मागितलं की बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) हातात देतात, इंचाला २८ आटे, ५५ अंशाचा कोन. एनपीटीला (अमेरिकन पाइपचे आटे) २७ आटे आणि ६० अंश. दोन फेरे गोड जाते मग आवळते, माणसाला वाटते बसलं, आणि मग त्यावर टेप लावा का पेस्ट, गळणार म्हणजे गळणारच. त्यात या इंजिनाचं प्रेशर सेंडरचं (काट्याला प्रेशर कळवणाऱ्या सेन्सरचं) मूळ भोक एम१० × १, म्हणजे १० मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर पिच, त्यात १/८ एनपीटी जबरीनं घुसवलं की केस तडकते, मॅग्नेशियमची आहे ती. पिच गेज (आटे मोजायची पट्टी) लावल्याशिवाय पाना उचलू नका. ३७ अंशाच्या फ्लेअरवाल्या (पसरट तोंडाच्या पाइपच्या) एएन या विमानी मापाच्या नटाला तर काहीच लावायचं नाही, तिथं सील कोनावर होते, आट्यावर नाही.

वायरमन, वणी:
मला तुमचं कोणाचंच पूर्ण पटत नाही. गळती दिसते, पुसता येते. तुटलं तर संपलं. जड सेंडर पितळी निपलवर लोंबकळत ठेवला की व्हायब्रेशननं मान तुटते, आणि या इंजिनात तेल असते जेमतेम अडीच लिटर. सेंडर फायरवॉलवर (इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर) बसवा, मधे होज, आणि केसच्या फिटिंगमध्ये मिलिमीटरभर भोकाचं रिस्ट्रिक्टर, म्हणजे होज फुटला तरी उतरायला वेळ मिळते. आणि एका वायरच्या सेंडरची अर्थिंग बॉडीतूनच जाते, तिथं टेप गुंडाळली की काटा खोटं सांगते.

जुना फिटर, आर्वी:
सेंडरचं मानलं. टेपीचं मी अजूनबी म्हनतो, हात पक्का असंन तर काई होत नाही, आन उलटं फिरवू नको हे पेस्टलेबी लागू हाय, धरलेली पेस्ट फुटते. पन पोरा, तू आता पेस्ट लावून तसंच चालू करू नको. एक तुकडा भेटला म्हंजे दुसरा आत असू शकते. गॅलरीचे (केसमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढ, डिझेल मारून हवेनं फुंक, खाली पांढरं फडकं नको धरू, टेप दिसनार नाही. काळं धर.

शेडवाला, हिंगणघाट:
काळं फडकं, बरं झालं सांगितलं काका. उद्या प्लग काढतो. फिटिंगला पिच गेज लावूनच परत बसवतो, एल्बोच्या जागी सरळ फिटिंग, म्हणजे मागं फिरवायचा प्रश्नच नाही.