वाढदिवसाच्या पत्रिकेवर डोरेमॉन: मुलांची हौस की फुकटची जाहिरात?

कात्री-डिंक:
धाकटी पुढच्या महिन्यात सहा वर्षांची होतेय आणि तिला आमंत्रणपत्रिकेवर डोरेमॉन हवाय. त्यावरून घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, वाढदिवस आपल्या नातीचा आणि पत्रिकेवर जपानचं मांजर, ही जाहिरात आपण पदरचे पैसे घालून का करायची? नवऱ्याचं म्हणणं, कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपवर तयार टेम्प्लेट पडलेत, नाव-तारीख टाक, ग्रुपवर सोड, विषय संपव.

मला दोन्ही पटत नाही. कार्टून असायला माझी हरकत नाही, पण ते नेटवरून उचललेलं नको, पोरीने स्वतः काढलेलं हवं. डोरेमॉन काढायला सोपाही आहे: गोल डोकं, गोल पोट, सहा मिशा, गळ्यात घंटा, पोटावर खिसा. त्याचं ते कुठेही नेणारं गुलाबी दार आहे ना, तशी घडीची पत्रिका करायची. दार उघडलं की आत आमच्या घराचा पत्ता. एकच नीट रंगवून घ्यायची, स्कॅन करायची आणि तीसेक प्रती काढायच्या.

तयार टेम्प्लेटवरच्या पत्रिका सगळ्या एका साच्यातल्या दिसतात. कोणत्या पोराचा वाढदिवस आहे ते नाव वाचल्याशिवाय कळत नाही. तुमचं काय मत? विरोधात असलात तरी सांगा, घरात त्याची सवय आहे.

तिखटमीठ:
विरोधातच आहे. मुलीने डोरेमॉन मागितला, तुम्ही तिला चित्रकलेचा तास लावलात.

सहा वर्षांच्या मुलाला टीव्हीवर दिसतो तस्सा डोरेमॉन हवा असतो. तिने काढलेला तुम्हाला गोड वाटेल, आजीला वाटेल. तिला मात्र तो वाकडा दिसेल, आणि शेजारचा मुलगा तोंडावर सांगेल, 'हा डोरेमॉन नाहीये.' हाताने केलेल्या वस्तूंचं कौतुक आपल्या पिढीला आलंय, कारण आपल्याला विकतच्या मिळाल्या नाहीत. मुलांना त्याचं काही पडलेलं नसतं. तयार टेम्प्लेट घ्या आणि वाचलेला वेळ तिच्याबरोबर खेळण्यात घालवा.

जुनी पेठ:
सासरेबुवांशी सहमत. आमच्या वेळी पत्रिका वगैरे भानगड नव्हती. ज्याचा वाढदिवस तोच वाड्यातल्या दारोदार जाऊन सांगायचा, 'संध्याकाळी या हं, आईने बोलावलंय.' औक्षण, बटाटेवडे, बशीत वेफर्स, वाटीत श्रीखंड, झालं. आता पत्रिकेला थीम, केकला थीम, फुग्यांना थीम, रिटर्न गिफ्टच्या पिशवीवरही तोच बोका. पत्रिका ही फक्त सुरुवात असते. एकदा तिथे डोरेमॉन आला की पुढची सगळी खरेदी त्याच्याच दुकानातून.

आणि कार्टून हवंच असेल तर आपला चिंटू काय वाईट आहे? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मधून सुरू केला, दोन पिढ्या त्यावर वाढल्या. एका तरी पत्रिकेवर दिसतो का?

तिखटमीठ:
काका, चिंटू तुमच्या मुलांचं लहानपण. हल्लीच्या सहा वर्षांच्या किती पोरांना माहीत असेल? मुलाच्या पत्रिकेवर बापाच्या आवडीचं चित्र, हा तर आणखी मोठा अन्याय. थीमच्या खर्चाबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर. पत्रिका छापल्यावर केकवाला विचारतोच, 'थीम काय?'

निळू:
देशी हवं असेल तर छोटा भीम आहे की. हैदराबादच्या ग्रीन गोल्डची निर्मिती, २००८ पासून पोगोवर. आमच्या मुलाच्या पत्रिकेवर मी भीमच घातला होता. मजकूर असा: 'टुनटुन मौसीचे लाडू कालिया संपवायच्या आत या! ढोलकपूरची बस आमच्या सोसायटीच्या गेटपाशी थांबते.' पाहुणी पोरं दारातूनच 'लाडू कुठेत' विचारत आली. चित्र नेटवरचंच होतं आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. पत्रिका लक्षात राहते ती मजकुरामुळे. चित्र कोणी काढलं ते कोण विचारतं?

शेवटचा बाक:
कोणी विचारत नाही हाच तर मुद्दा आहे. ते चित्र दुसऱ्याच्या मालकीचं असतं. डोरेमॉनचे निर्माते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्याच्यावरचा हक्क संपेपर्यंत धागाकर्तीची लेक पस्तिशी ओलांडेल. मिकी माउसचं सगळ्यांना वाटतं की तो आता मोकळा झाला. मोकळा झाला तो अमेरिकेत, १ जानेवारी २०२४ ला, आणि तोही १९२८ चा काळा-पांढरा, हातमोजे नसलेला मिकी. लाल चड्डीतला, केकवर बसतो तो नव्हे. मुलांना 'कॉपी करू नको' सांगायचं आणि त्यांच्याच वाढदिवसाला दुसऱ्याचं चित्र उचलायचं?

निळू:
अहो, घरच्या तीस पत्रिका आहेत, कारखाना नाही काढलेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ वाचा. खासगी, वैयक्तिक कारणासाठी केलेल्या रास्त वापराला त्यात सूट आहे. अडचण कोणाला येईल? इन्स्टावर 'कार्टून इन्व्हाइट, नाव बदलून मिळेल' म्हणत पैसे घेतात त्यांना. त्यांच्याकडून विकत घेण्यापेक्षा घरी केलेलं कधीही बरं, या एका बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूने.

छापखाना:
कायद्याचं कायदेवाल्यांनी बघावं, माझा धंदा छपाईचा आहे म्हणून चार शब्द.

लोक गुगलवरून चित्र उचलून व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि म्हणतात 'हे छापा'. पाच बाय सातची पत्रिका नीट यायला चित्र साधारण १५०० बाय २१०० पिक्सेलचं लागतं. येतं ते चारशे-पाचशेचं, त्यातही व्हॉट्सॲपने दाबलेलं. मिशांच्या जागी पायऱ्या दिसतात. फाइल पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्या हिशोबाने मुलीने कागदावर काढलेलं चित्र ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर उलट जास्त स्वच्छ छापून येतं. मात्र शिसपेन्सिलीवर भागवू नका, काळ्या स्केचपेनाने बाहेरची रेघ गिरवून घ्या. फिका खडू स्कॅनमध्ये उडून जातो.

रंगाचंही सांगतो. मोबाइलवर चमकणारा निळा कागदावर तसा येत नाही. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, आम्ही शाईने. गिऱ्हाईक भांडतं, 'डोरेमॉन मळका का आला?' आधी एक प्रत काढून बघा, मग बाकीच्या.

मराठी मजकुराचं तर विचारूच नका. फोटोशॉपमध्ये सेटिंग न बदलता युनिकोड मराठी चिकटवलं की 'हार्दिक'चा रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. आमच्यासारख्या जुन्या छापखान्यांत अजून श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर चालते, तिथे तुमचा मोबाइलवरचा मजकूर थेट बसत नाही, परत टाइप करावा लागतो, आणि तेव्हाच नावं चुकतात. घरी करणार असाल तर मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला 'बालू' फॉन्ट घ्या. गुबगुबीत आहे, मुलांच्या पत्रिकेला शोभतो, जोडाक्षरं तुटत नाहीत आणि फुकट आहे.

आणि पत्रिकेवर चकचकीत प्लास्टिकचं वेष्टण मागू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, त्या यादीत निमंत्रणपत्रिकांवरचं वेष्टण आहे, फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत आणि सजावटीचा थर्माकोलही आहे. थर्माकोलचा चार फुटी भीम कापून मागणारे अजून येतातच.

जुनी पेठ:
म्हणजे सरकारलाही थीम पार्टी नको आहे तर!

बालवाडीताई:
तुम्ही सगळे चित्रावर भांडताय. मला पत्रिकेच्या वाटपाबद्दल बोलायचंय, कारण ते माझ्या वर्गात घडतं.

आई दप्तरात बारा पत्रिका देते, वर्गात तीस मुलं. मधल्या सुट्टीत वाटप सुरू होतं. साधा तोंडी निरोप असता तर कोणाला कळलंही नसतं. पण पत्रिकेवर डोरेमॉन असला की ती वस्तू होते, खेळण्यासारखी. ज्याला मिळाली तो हातात नाचवतो, ज्याला नाही तो माझ्याकडे येऊन विचारतो, 'ताई, माझी तुमच्याकडे दिलीय का?' त्याला काय सांगायचं? पत्रिका जितकी देखणी, तितकं न मिळालेल्याला जास्त लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत, इतक्या लहान वयात छापील पत्रिका नकोच. आईने आईला फोन करावा.

परदेशी पाखरू:
ताईंशी अर्धा सहमत. आम्ही न्यू जर्सीत. मुलाच्या शाळेत नियमच आहे की वर्गात आमंत्रण वाटायचं तर सगळ्यांना, नाहीतर शाळेबाहेर काय ते करा. त्यामुळे एकतर सगळा वर्ग येतो, नाहीतर सगळं ईमेलवर. ईमेलवर कोण येणार, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, सगळं आधी कळतं. सोयीचं आहे, पण मुलाला आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण कधी दिसतच नाही, ते आईबापांच्या इनबॉक्समध्ये येतं आणि तिथेच संपतं. मराठी मंडळातल्या मित्रांसाठी आम्ही मुद्दाम कागदी करतो, देवनागरीत. आजोबांना भारतात एक प्रत जाते. तेवढ्यासाठी तरी कागद हवाच.

तिखटमीठ:
ताई, फोनवर सांगितलेलं मुलांना कळत नाही असं थोडंच आहे? सोमवारी वर्गात पार्टीच्या गप्पा होतातच. पत्रिका बंद करून वाईट वाटणं बंद होत नाही, फक्त दोन दिवस उशिरा होतं.

बालवाडीताई:
होतं. पण तुमच्या समोर नाही होत, माझ्या समोर होतं. आणि पार्टीच्या गप्पा विसरल्या जातात. कंपासपेटीत ठेवलेली पत्रिका महिनाभर बाहेर निघत राहते.

शेवटचा बाक:
एक राहिलं. पत्रिकेवर मुलाचा फोटो, पूर्ण नाव, शाळा, फ्लॅट नंबर, आईचा मोबाइल, आणि हे सगळं स्टेटसला! कार्टून असण्याचा एक फायदा मान्य करतो, त्याच्यामुळे फोटो टळतो.

कात्री-डिंक:
एवढं वाचून काही गोष्टी पक्क्या केल्यात, काही नाहीत.

ताईंचं पटलं. शाळेत वाटप नाही, पत्रिका फक्त बिल्डिंगमधल्या आणि नात्यातल्या मुलांना, घरी जाऊन. तिनेच जायचं, जुनी पेठ काकांच्या पद्धतीने दारोदार. फ्लॅट नंबर असलेली पत्रिका स्टेटसला नाही, ग्रुपवर फक्त वेळ.

चित्राबद्दल माझं मत आहे तेच आहे. तिखटमीठ, तुम्ही म्हणता तिला वाकडा दिसेल. काल तिला नेटवरचा डोरेमॉन आणि तिचा डोरेमॉन शेजारी ठेवून दाखवले. म्हणाली, 'तो छान आहे. पण माझ्याने केक धरलाय.' खरंच, तिने त्याच्या त्या बोटं नसलेल्या गोल मुठीत केक दिलाय, वर सहा मेणबत्त्या, त्यातली एक पडायला आलेली. हे टेम्प्लेटमध्ये मिळणार नाही. आणि निळू, मजकूर महत्त्वाचा हे मान्य, म्हणून दारावर आता एवढंच लिहिलंय: 'दार ढकला. डोराकेक आत आहे.' (डोराकेक म्हणजे डोरेमॉनचा आवडता खाऊ, दोन छोट्या पॅनकेकमध्ये लाल चवळीचं गोड सारण. ते पोरं खाणार नाहीत, म्हणून आमच्यात चॉकलेट.)

सासरे अजून नाराज आहेत. त्यांना वेगळी प्रत देणार आहे, चिंटूची. ती मी काढतेय.

तिखटमीठ:
'तो छान आहे' हे वाक्य तुम्ही सोयीस्करपणे ओलांडून पुढे गेलात. तीच कबुली आहे पोरीची.

जुनी पेठ:
चिंटूची प्रत चालेल. पण सासरेबुवांना डोराकेक देऊ नका, वडे करा.

छापखाना:
दाराची घडी असेल तर जाड आर्ट कार्डाला हाताने घडी घालू नका, शाईला तडा जाऊन मधोमध पांढरी रेघ दिसते. छापणाऱ्याकडून आधी क्रीज, म्हणजे घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच, मारून घ्या. गुलाबी दारावर तर ती फारच दिसेल.